मोठ्यांचं लाकूड, लहानांचं माप

जुन्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला, भाड्याच्या घरांचे करार झाले, की शेवटच्या पंधरवड्यात तिच्या आवारात जे साठतं ते एकदा थांबून बघावं. मच्छरदाणीच्या दांड्यांसाठी चार कोपऱ्यांना भोकं असलेला सागवानी पलंग, आरसा निघालेलं ड्रेसिंग टेबल, वेताची बैठक फाटलेल्या खुर्च्या, फडताळ, पायमशीन आणि हटकून एखादा शटरचा टीव्ही. नव्या घराच्या नकाशात कपाटं भिंतीतच असतात. मधली दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या छोट्या घरात काढायची असतात, आणि आजोबांच्या पलंगाला तिथे जागा नसते. भंगारवाला लोखंड वजनावर घेतो, लाकडाकडे बघून मान हलवतो. नेलंच तर उपकार केल्यासारखं नेतो. पुढे त्यातलं बरंचसं चुलीत, बंबात, नाहीतर भट्टीत जातं. मुंबईतल्या पावाच्या भट्ट्या वर्षानुवर्षं अशाच भंगारातल्या लाकडावर चालल्या. चांगला सागवान आणि रंग लावलेलं प्लाय तिथे एकाच आगीत जाई.

त्या ढिगासमोर उभं राहून विचारायचा प्रश्न एकच आहे. यातलं काय घरातल्या लहान मुलासाठी घडवता येईल, आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही? हे पुस्तक त्या प्रश्नाभोवती फिरतं. पुढच्या प्रकरणांत कृती आहेत, आकृत्या आहेत, हत्यारांची ओळख आहे. प्रस्तावनेत मला त्याआधीचं बोलायचं आहे. कारण या विषयावर हल्ली जे बघायला मिळतं त्यात रंगाचे डबे फार आणि मोजपट्टी कमी. जुनं टेबल घ्या, त्यावर फिकट गुलाबी रंग फासा, वर ढगांचे नाहीतर हत्तींचे स्टिकर चिकटवा, की झालं मुलांचं टेबल! त्या टेबलाशी बसलेल्या मुलाची हनुवटी फळीला टेकलेली असते याकडे फोटो काढणाऱ्याचं लक्ष नसतं.

मुलासाठी एखादी वस्तू खास होते ती तिच्या मापामुळे. बाकीचं नंतर.

आपल्या घरांत खुर्ची-टेबल सर्रास येऊन फार काळ लोटलेला नाही. त्याआधी घर जमिनीवर होतं. जेवण पाटावर, लिखाण उतरत्या झाकणाच्या मेजावर, झोप सतरंजीवर. जमिनीची उंची कुणाला कमी-जास्त होत नाही. सात वर्षांचा नातू आणि सत्तरीचे आजोबा एकाच पंगतीत बसत, आणि कुणाचे पाय लोंबकळत नसत. खुर्च्या आल्या त्या मोठ्यांच्या मापाच्या. जेवणाच्या टेबलाची खुर्ची जमिनीपासून साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर उंच असते. चार-पाच वर्षांच्या मुलाला सव्वीस ते तीस सेंटिमीटर पुरतात. मधल्या फरकात ते मूल चढतं, घसरतं, गुडघे दुमडून बसतं, मांडी घालतं, पाय हलवत राहतं. मग आपण म्हणतो, एका जागी बसत नाही.

इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, आणि पुढे मुलांना स्वतः उचलून हलवता येतील अशी हलकी मेजं आणि खुर्च्या करून घेतल्या. शाळेतले जमिनीला ठोकलेले बाक त्यांना मंजूर नव्हते. हलकी खुर्ची धक्का लागला की पडते, आवाज होतो, आणि आपलं चालणं कुठे बेताल झालं हे मुलाला कुणी न ओरडता कळतं, असा त्यांचा विचार होता. त्या काळी हे क्रांतिकारक होतं. आज आपण तीच गोष्ट ‘माँटेसरी फर्निचर’ म्हणून महागात विकत घेतो, हा भाग वेगळा.

तो विचार आपल्याकडे उतरवणाऱ्या ताराबाई मोडक मला या पुस्तकाच्या संदर्भात अधिक जवळच्या वाटतात. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा करून, १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे आणि नंतर अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर त्यांच्यासमोर जी मुलं होती त्यांच्यासाठी परदेशी पद्धतीची महागडी साधनं आणणं शक्यही नव्हतं आणि शहाणपणाचंही नव्हतं. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, आसपास मिळेल ते लाकूड यांतून साधनं घडली. स्वस्त म्हणून कसंही चालेल, असं मात्र त्या बालवाडीत नव्हतं. साधन मुलाच्या हाताला बसतं का, हे आधी बघितलं जाई. जुन्या फर्निचरकडे बघताना मला हीच नजर हवी वाटते.

आता लाकूड.

ढिगातलं सगळं लाकूड सारखं नसतं, आणि दिसण्यावर तर मुळीच जाऊ नये. काळपट, चिकट झालेल्या पॉलिशखाली उत्तम साग दडलेला असतो. चकचकीत सनमायक्याखाली भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड असतो. ओळखायची सोपी रीत म्हणजे वस्तू उलटी करणं. टेबलाच्या फळीची खालची बाजू, ड्रॉवरचा तळ, कपाटाची पाठ, इथे कुणी पॉलिश करत बसलेलं नसतं. तिथे एका कोपऱ्यावर रंधा किंवा पटाशी हलकीच फिरवली की आतला रंग दिसतो. साग सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट, आणि ताज्या सालपटाला चामड्यासारखा वास. शिसवी जड, जांभळट-काळसर. आंबा फिकट. त्याला भुंगा पटकन लागतो. ज्याला बाजारात सरसकट ‘जंगली लाकूड’ म्हणतात त्यात काहीही असू शकतं. जुने वाडे उतरवताना निघालेलं लाकूड पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये, मुंबईत रे रोडला बघायला मिळतं. तिथला जाणता दुकानदार तुळईचा तुकडा नखाने ओरखडून बर्मा टीक आहे की इथला बल्लारशाचा, हे सांगतो. आपल्याला तितकं कळायची गरज नाही. साग की साग नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ मुलाच्या खोलीसाठी सोडून द्या, असं मी स्पष्ट म्हणेन. एकदा स्क्रू काढलेल्या भोकात तो पुन्हा घट्ट बसत नाही. पाणी लागलं की कडा पावासारख्या फुगतात. आणि त्यातल्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड हळूहळू हवेत येत राहतं. बोर्ड कापला की नवी उघडी कड तयार होते, म्हणजे हा त्रास वाढतो. हौसेला मर्यादा असावी, आणि ती इथे आहे.

सागवानावर ऑइलपेंट लावू नये, हा माझा दुसरा हट्ट. यात शास्त्रापेक्षा आवड जास्त आहे हे मान्य. पण ज्या झाडाला पोसायला पाऊणशे वर्षं लागली, ज्याच्या रेषा एखाद्या सुताराने मुद्दाम दर्शनी बाजूला घेतल्या, त्यावर पोपटी रंग चोपडायला मन धजत नाही. रंगाची हौस भागवायला जंगली लाकूड आहे, पाईन आहे. सावंतवाडीचे चितारी हलक्या, मऊ पांगाऱ्याची खेळणी रंगवतात. त्या लाकडाला रंग शोभतो.

पाईनवरून आठवलं. न्हावा-शेवा बंदरात उतरलेल्या मालाखालची पॅलेट्स भिवंडीच्या गोदामांमागे ढिगांनी पडलेली असतात, आणि हल्ली त्यांची मुलांची मेजं, शेल्फं करायची टूम निघाली आहे. हॉलंडचे डिझायनर खेरिट रीटफेल्ट यांनी १९३४ साली खोक्यांच्या फळ्यांच्या खुर्च्या केल्या तेव्हापासून या कल्पनेला प्रतिष्ठा आहे. त्याच देशातल्या पीट हाइन एक यांनी १९९० मध्ये भंगारातल्या लाकडाचं कपाट करून पदवी घेतली, आणि पुढे तीच त्यांची ओळख झाली. कल्पनेला माझी ना नाही. फक्त पॅलेट उचलण्याआधी त्यावरचा डागलेला शिक्का वाचा. परदेशी मालाच्या लाकडी बांधणीवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाची अक्षरं आणि कीड मारण्याची रीत छापलेली असते. ‘एचटी’ असेल तर लाकूड तापवलेलं आहे, चालेल. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते तिथेच ठेवा. शिक्काच नसेल, किंवा फळीवर तेलाचे, रसायनांचे डाग असतील, तरीही तिथेच ठेवा.

या पुस्तकातलं पहिलं प्रकरण खुर्चीचं आहे आणि ते पहिलं ठेवण्याला कारण आहे. खुर्ची छोटी करणं जगात सगळ्यात सोपं वाटतं. पाय कापले की झालं! एकदा नीट बघू, नेमकं काय होतं.

आधी मुलाचं माप. त्यासाठी तक्ते लागत नाहीत. जुन्या वह्यांचा, मासिकांचा गठ्ठा करा आणि मुलाला त्यावर बसवा. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, मांड्या आडव्या राहिल्या पाहिजेत. गठ्ठा कमी-जास्त करत जा. जमलं की गठ्ठ्याची उंची मोजा. तीच बैठकीची उंची. तसंच बसलेलं असताना कोपर जिथे येतं तिथे टेबलाची फळी. युरोपातल्या शाळांच्या फर्निचरच्या मानकात सगळ्यात लहान मुलांसाठी बैठक आणि मेज यांत एकोणीस-वीस सेंटिमीटरचं अंतर धरलं आहे. तुमचा गठ्ठा बहुधा तेच सांगेल.

मग खुर्ची एका सपाट पृष्ठभागावर उभी करायची. घरातल्या लाद्यांवर विसंबू नका, त्या सपाट नसतात. प्लायचा तुकडा किंवा कडाप्प्याची फरशी बरी. जेवढं कापायचं तेवढ्या उंचीचा लाकडी ठोकळा घ्यायचा, त्यावर पेन्सिल आडवी धरायची आणि ठोकळा सरकवत चारही पायांभोवती रेघ मारायची. अशी रेघ जमिनीला समांतर येते, मग पाय तिरके असले तरी चालतं. गुण्या लावून काटकोनात कापलेला तिरका पाय फक्त एका कडेवर उभा राहतो, आणि खुर्ची आयुष्यभर डुगडुगते.

कापून झाली. आता बसवा मुलाला. पाय टेकले, पण पाठ टेकत नाही! मोठ्यांच्या बैठकीची खोली चाळीस सेंटिमीटरच्या पुढे असते. पाच वर्षांच्या मुलाला पंचवीस-अठ्ठावीसच्या पुढची बैठक गुडघ्यामागे रुतते, म्हणून ते पुढे सरकून बसतं, आणि पाठीमागे पोकळी राहते. म्हणजे एकतर पाठीची फळी पुढे आणायची, नाहीतर टणक उशी बांधायची, नाहीतर बैठकीची चौकट खोलून छोटी करायची. शिवाय मागचे पाय खाली जाताना मागे झुकलेले असतात. ते कापले की त्यांचा पसारा कमी होतो आणि खुर्ची मागे कलंडायला सोपी होते. आणि ज्या खालच्या आडव्या पट्टीने चारही पाय एकमेकांना धरून ठेवलेले असतात, ती नेमकी कापायच्या रेघेवर येते. एवढ्या गोष्टी ‘पाय कापले की झालं’ या वाक्यात दडलेल्या असतात.

बैठकीची चौकट खोलायची तर सांधे उकलावे लागतात, आणि इथे जुन्या सुतारांचे आभार मानावेसे वाटतात. त्यांनी कुसू खाचेत बसवून, आरपार लाकडी खुंटी मारून, सरसाने सांधे जोडलेले असतात. सरस गरम पाण्याने, वाफेने पुन्हा मऊ होतो. खुंटी आधी ठोकून काढायची, ओलं गरम फडकं धरून ठेवायचं, रबरी हातोडीने हलके ठोके द्यायचे, थोडा धीर धरायचा, की पन्नास वर्षांचा सांधा लाकूड न फाटता सुटतो. हल्लीच्या पांढऱ्या फेविकॉलने जोडलेला सांधा असा सहज सुटत नाही. तिथे बहुतेकदा लाकूडच तुटतं. जुन्या माणसांनी वस्तू दुरुस्त होणार हे गृहीत धरून बांधली होती. तुम्हीही सांधायला बसाल तेव्हा जिथे जमेल तिथे खुंटी आणि स्क्रू वापरा, सगळं चिकटवून टाकू नका. मूल दरवर्षी पाच-सहा सेंटिमीटर वाढणार आहे. दोन-तीन वर्षांत ही खुर्ची पुन्हा उघडावी लागेल.

कापलेले चार तुकडे टाकू नयेत ते याचसाठी. त्यांवर पेन्सिलीने ‘डावा पुढचा’, ‘उजवा मागचा’ असं लिहून पिशवीत बांधून ठेवा. पुढे मधे खुंटी घालून, हवा तेवढा तुकडा कापून, तो पुन्हा पायाला जोडता येतो. लाकडाच्या रेषा जुळतात, रंग जुळतो.

आता मनाई. हा भाग गोड नाही, पण पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतलं शिसं दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांत, किती शिसं असेल याला धरबंध नव्हता. लोखंडी खाटा आणि पाळण्यांच्या पहिल्या हाताला जो शेंदरी प्रायमर मारत तो कधी निरुपद्रवी लोहाचा असे, कधी खराखुरा शेंदूर, म्हणजे शिशाचाच. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शिशाची सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचा सगळ्यात जास्त फटका मुलांच्या वाढत्या मेंदूला बसतो. मूल कठडा चावतं, हात तोंडात घालतं, जमिनीवरची धूळ त्याच्या पोटात जाते. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही, हीट गनने भाजायचा तर मुळीच नाही. प्रयोगशाळेत तपासून घेता आला तर उत्तम. शंका असली तर रंगवलेली वस्तू सोडून द्या आणि पॉलिशवाली घ्या. पॉलिशच्या वस्तूही ओल्या पॉलिश पेपरने, घराबाहेर, मास्क लावून घासा, आणि घरात गर्भवती असेल तर तिला या कामाच्या आसपासही येऊ देऊ नका. बाळ यायच्या आधी त्याची तयारी करू नये, असं आपल्याकडे जुन्या बायका म्हणत. कारण त्यांचं वेगळं होतं, पण रंग खरवडण्याच्या बाबतीत तो सल्ला अक्षरशः पाळावा.

पाळणा हा फारच नाजूक विषय. बारशाला मामाच्या घरून आलेला, मग आतेच्या घरी, मग शेजारच्या सुनेकडे, असा फिरत फिरत तीन पिढ्या झुलवून परत आलेला पाळणा अनेक घरांत असतो. वर टांगायचं चिमणाळंही कुठेतरी डब्यात असतं. तो वापरू नका असं कसं म्हणणार? पण दांड्यांमधलं अंतर मोजा. सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर बाळाचं अंग त्यातून सरकून डोकं अडकू शकतं. एका बाजूचा कठडा खाली सरकणारे पाळणे अमेरिकेत २०११ पासून विकायला बंदी आहे, कारण त्या सरकत्या कठड्यात बाळं अडकून दगावली. रंगवलेला, खिळखिळा किंवा दांडी निखळलेला पाळणा निजायला नकोच. त्याचं काय करता येईल यावर पुस्तकात वेगळं प्रकरण आहे. त्यातली पुस्तकांची मांडणी मला विशेष आवडते.

झाकणाच्या पेटाऱ्यात आणि ट्रंकेत लपायला मुलांना आवडतं. कडी आपोआप लागणारी असेल तर ती आधी उखडून टाका, पाठीला हवेची भोकं पाडा, झाकण मध्येच थांबवणारा आधार लावा. माझं ऐकाल तर झाकणच काढा. ड्रॉवरचं उंच कपाट भिंतीला स्क्रूने बांधल्याशिवाय मुलाच्या खोलीत ठेवू नका. मूल सगळे ड्रॉवर बाहेर ओढतं आणि त्यांचा जिना करून चढतं. २०१६ साली अमेरिकेत एका बलाढ्य कंपनीला अशी सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवावी लागली. ती नवी होती, कारखान्यात बनलेली होती. तुमचं तर जुनं आहे.

पायमशीनच्या बिडाच्या सांगाड्यावर फळी टाकून केलेलं मेज दिसतं झकास. पण ते लहान मुलाच्या उंचीचं नसतं, आणि चाक, पट्टा काढून पायटा पक्का बांधल्याशिवाय त्यात बोटं सापडतात.

एवढं सगळं गाळून जे उरतं ते पुष्कळ आहे. त्यात माझ्या सगळ्यात आवडीचा शटरचा टीव्ही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत मध्यमवर्गीय घरांत टीव्ही आला तो फर्निचर म्हणूनच. चार निमुळते पाय, लाकडी खोकं, समोर दोन्ही बाजूंना सरकणारं शटर, वर क्रोशाचा रुमाल. संध्याकाळी शटर उघडायचं, रात्री बंद करायचं, कधीकधी कुलूपही लावायचं. त्या खोक्याचा मुलांसाठी बाहुल्यांचा रंगमंच होतो, आणि इतका बेमालूम होतो की मुळात त्याचसाठी केलं होतं असं वाटावं. उघडझाप करणारा पडदा त्याला आधीच असतो!

आतली चित्रनळी मात्र स्वतः काढायची नाही. तिच्यात बंद असतानाही विजेचा दाब साठलेला असू शकतो, काच फुटली तर आत ओढली जाऊन तिचे तुकडे उडतात, आणि त्या काचेत शिसं असतं. ती काम जाणणाऱ्या मेकॅनिककडून काढून घ्या आणि ई-कचऱ्यात द्या. मग रिकाम्या खोक्याचा तळ आणि पाठ काढून टाका. उंच पायांमुळे खोकं जमिनीपासून वर असतं, त्यामुळे मूल मागे मांडी घालून बसलं की त्याचे हात तळातून बरोबर रंगमंचावर येतात. हातमोज्याच्या बाहुल्या अशा चालतात. दोऱ्यांच्या बाहुल्या करायच्या तर तळ ठेवून छत काढायचं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्यांवर रामायणातल्या कथा सांगतात. त्या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलाला तिथे एकदा नेऊन आणलं तर रंगमंचाचं पुढे काय करायचं हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.

शटरची दुरुस्ती शिकण्यासारखी आहे. लाकडाच्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून मागून कापडावर चिकटवलेल्या असतात, म्हणून ते शटर वळतं आणि वरखालच्या खाचेतून कोपऱ्यावरून मागे जातं. बिघडतं ते कापड. पट्ट्या शाबूत असतात. जुनं कापड भिजवून सोलून काढायचं, पट्ट्या ओळीने पालथ्या मांडायच्या, मांजरपाटाचा नवा तुकडा ताणून चिकटवायचा आणि चिकटवताना पट्ट्यांच्या फटीत गोंद जाऊ द्यायचा नाही. खाचेत मेणबत्ती घासली की शटर पुन्हा सरसर पळतं.

इथे मोठ्यांनी हात आवरावा. पुढचा पडदा कुठल्या साडीचा, कडेला काय रंगवायचं, बाहुल्या कोण, हे मुलावर सोडा. पुण्याचे अरविंद गुप्ता आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी करत आले ते मुलांच्या हातांवर विश्वास ठेवून. त्यांची आगपेटीची आणि सायकलच्या ट्यूबची खेळणी मूल स्वतः करतं. फर्निचरला करवत लागते, वजन लागतं, म्हणून सांगाडा आपण करायचा. पण जुना थर निघाल्यावर पॉलिश पेपर मारायला, खिळे लोहचुंबकाने शोधायला सहा वर्षांचं मूल उत्तम मदतनीस असतं. लोहचुंबक फिरवून लपलेला खिळा सापडला की ते आरोळी ठोकतं, आणि आपली करवत वाचते.

शेवटचा हात कशाचा द्यावा, यावर मतं अनेक. माझं मत जुन्या चपडा पॉलिशला. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने हातावर हात द्यायचे. स्पिरिट उडून गेलं की मागे लाखेचा पातळ थर राहतो. पाण्याचे, गरम पेल्याचे डाग पडतात हा दोष, पण डागावर पुन्हा बोळा फिरवता येतो. जवसाचं तेलही छान, मात्र दुकानात ‘उकळलेलं’ म्हणून मिळतं त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार असतात. मुलाच्या वस्तूला कच्चं तेल आणि भरपूर दिवसांची सवड द्या. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

खर्चाचं खरं सांगायचं तर यात बचत नाही. मिस्त्रीला बोलावलंत तर तो वस्तूभोवती एक फेरी मारून म्हणेल, “साहेब, यापेक्षा नवीन करून घ्या, स्वस्त पडेल.” त्याचं गणित बरोबर आहे. जुनं उकलणं, साफ करणं, खिळे काढणं यात त्याची दिवसाची मजुरी जाते, आणि नवं प्लाय अर्ध्या दिवसात कापून होतं. काही मिस्त्रींना मात्र जुना साग बघितल्यावर राहवत नाही. असा माणूस सापडला तर त्याला घाई करू नका आणि मजुरीत घासाघीस करू नका. एरवी हे काम आपल्या हातांनी, रविवारच्या दुपारी, हळूहळू करायचं आहे. पलंगाची उशाकडची फळी घेऊन बाक करायला एक पावसाळा गेला तरी बिघडत नाही. फक्त पावसात लाकूड फुगतं, सैल सांधाही तेव्हा घट्ट वाटतो, हे लक्षात ठेवा.

सुरुवात खुर्चीपासून करा, कारण ती चुकली तर नुकसान थोडं आणि शिकणं भरपूर. हत्यारं फार लागत नाहीत. बारीक दातांची करवत, रंधा, दोन पटाश्या, गुण्या, रबरी हातोडी, दोन शिकंजे. आणि ढीग शोधायला लांब जायला नको. तुमच्या नाहीतर शेजारच्या सोसायटीच्या फलकावर पुनर्विकासाच्या सभेची नोटीस लागलेली असेल. सभेची तारीख बघून ठेवा, आणि घरं रिकामी होऊ लागली की वॉचमनला आधीच सांगून ठेवा, म्हणजे टेम्पो यायच्या आत तुम्हाला फोन येईल.